जायफळ पेलेल अशी कॉफी

आमच्या घरी कॉफी म्हटलं की जायफळ आलंच. परीक्षेच्या दिवसात रात्री अकराला आई स्वयंपाकघरात जायची, सहाणेवर जायफळ उगाळल्याचा खरखर आवाज यायचा आणि आम्हा भावंडांना कळायचं की आता अजून दोन तास तरी झोप नाही. चहा रोजचा, कॉफी खास. कोणी लांबून आलं, कोणाला बरं नसलं, गणपतीत आरत्या लांबल्या, की कॉफी. पावडर बाटलीतली इन्स्टंट, दूध म्हशीचं, साखर भरपूर आणि वर जायफळ. आजीच्या वेळी म्हणे पातेल्यात पाणी उकळून त्यात कॉफीची पूड टाकायची, झाकण ठेवायचं आणि गाळ खाली बसला की फडक्यातून गाळून घ्यायची. ती चव आईच्या जिभेवर अजून आहे. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे चेंबूरला राहायला आली तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी ऐकते मी, "तशी कॉफी आता कुठे मिळत नाही गं."

हे सगळं सुरू झालं ते या एका वाक्यामुळे.

आधी मला वाटलं सोपं आहे, चांगल्यातली कॉफी आणायची, झालं. म्हणून एक छान महागातली सिंगल इस्टेट, म्हणजे एकाच बागेतली, अरेबिका जातीची कॉफी आणली, हलकी भाजलेली, पाकिटावर संत्र्याची साल, फुलं, मध असं काय काय लिहिलेलं. काळी प्यायला खरंच सुंदर होती. पण आईसाठी दुधात केली, जायफळ घातलं, आणि कॉफी गायबच! जायफळाचं दूध झालं नुसतं. मसाला दुधाच्या जवळचं काहीतरी, आणि मागे किंचित आंबट. आई काही बोलली नाही, अर्धा कप तसाच ठेवला. मग दुसरं टोक, एका दुकानातून कडक म्हणून जी पावडर आणली तिच्यात जायफळाचा पत्ताच लागेना, फक्त कडू. तेव्हा डोक्यात आलं की जायफळ पेलणारी कॉफी ही वेगळीच गोष्ट आहे आणि ती एका बीमध्ये कदाचित मिळणारच नाही, दोन-तीन एकत्र करून ती बनवावी लागेल. घरातल्या गोड्या मसाल्याचं जसं असतं तसंच ना, धणे एकटे काही करत नाहीत, दगडफूल एकटं तर मुळीच नाही.

जानेवारीत आम्ही चिकमगळूरला गेलो होतो. तोडणीचे दिवस, सगळीकडे अंगणात कॉफी वाळत घातलेली, सिल्व्हर ओकच्या उंच झाडांवर मिरीचे वेल चढलेले. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांची स्वतःची छोटी बाग. त्यांनी मागच्या हंगामातले, क्युरिंग होऊन, म्हणजे टरफल काढून, निवडून आलेले कच्चे दाणे दिले दोन किलो. धुतलेली, म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका, तिला तिकडे प्लांटेशन म्हणतात, त्यातली ए ग्रेड. हा ए, बी म्हणजे मुख्यतः दाण्याचा आकार, चवीचा शिक्का नव्हे. आणि पीबी म्हणजे पीबेरी, फळात दोनाऐवजी एकच गोल दाणा असतो ती. मला आधी वाटायचं हे सगळे कंपन्यांचे शब्द असतील, पण नाही, बागेतला माणूसही असंच बोलतो.

त्यांनीच मला दोन दाणे तळहातावर ठेवून फरक दाखवला. अरेबिकाचा दाणा लांबट, मधली रेघ जराशी वळलेली, इंग्रजी एस अक्षरासारखी. रोबस्टाचा, म्हणजे कॉफीच्या दुसऱ्या मुख्य जातीचा, गोलसर, रेघ सरळ. एकदा बघितलं की विसरत नाही माणूस, मी आता कुठल्याही मिक्स पाकिटातले दाणे ताटात पसरून साधारण किती काय आहे ते सांगू शकते. अरेबिका उंचावर, साधारण १००० मीटरच्या वर बरी येते, नाजूक असते, रोग लवकर धरते, पानांवरचा तांबेरा तर तिचा जुना वैरी. रोबस्टा खालच्या उंचीवर, काटक, आणि तिच्यात कॅफीन जवळजवळ दुप्पट. भारतात आज रोबस्टाच जास्त पिकते, अरेबिकापेक्षा कितीतरी जास्त, आणि तरी कॉफीच्या गप्पांमध्ये रोबस्टाचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. मला हे आता अजिबात पटत नाही, का ते पुढे सांगते.

रोबस्टा मी वायनाडची मागवली, पार्चमेंट, म्हणजे धुतलेली. न धुता फळासकट वाळवतात ती चेरी, ती जास्त रांगडी असते आणि स्वस्त मिळते, पण घरच्या ब्लेंडला थोडे पैसे जास्त गेले तरी पार्चमेंट घ्या असं मी आग्रहाने सांगेन. आणि तिसरी मान्सून मलबार. हिची गोष्ट मी कितीही वेळा सांगितली तरी मला कमीच वाटते. जुन्या काळी शिडाच्या जहाजातून कॉफी युरोपला जायला महिनोन् महिने लागायचे, समुद्राची ओल पिऊन दाणे फुगायचे, पिवळट पडायचे आणि तिकडच्या लोकांना त्याच चवीची सवय झाली. पुढे वाफेची जहाजं आली, १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, प्रवास आटोपशीर झाला, दाणे हिरवेच पोचायला लागले आणि गिऱ्हाईक म्हणायला लागलं की ही ती कॉफी नाही. मग इथेच, मंगळूरच्या किनाऱ्यावर, पावसाळ्याचे तीन-चार महिने उघड्या गोदामात दाणे पसरून, खालीवर करत, अरबी समुद्राचा ओला वारा त्यांना खाऊ घालायला सुरुवात झाली. आपल्याकडे जून ते सप्टेंबरमध्ये पापड मऊ पडतात, मीठ ओलं होतं म्हणून आपण वैतागतो, तोच वारा. दाणा फुगून मोठा होतो, रंग फिक्कट सोनेरी, आंबटपणा जवळजवळ जातो आणि राहते ती मातीसारखी, लाकडासारखी, थोडी मसाल्याच्या डब्यासारखी चव. मसाल्याचा डबा! मला इथेच जायफळ दिसलं होतं खरं तर.

जायफळही आमचं घरचंच आहे म्हणजे. काका गुहागरकडे असतात, त्यांच्या वाडीत नारळ-सुपारीच्या सावलीत जायफळाची चार झाडं आहेत, वर्षातून एकदा पिशवीभर जायफळं आणि जायपत्री येते. मूळचं हे झाड बांदा बेटांचं, आजच्या इंडोनेशियातलं. आणि गंमत अशी की डचांनी कॉफीची रोपं जावाला नेली ती आपल्या मलबारहून, १६९६ मध्ये, ती पुरात गेली म्हणून १६९९ मध्ये परत. आणि मलबारकडे कॉफी आली कुठून तर येमेनहून, बाबा बुडन यांनी मोखाच्या बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी कथा तिकडे सगळे सांगतात, डोंगराला आज त्यांचंच नाव आहे. जगातलं सगळ्यात जुनं समजलं जाणारं कॉफीचं मिश्रणही मोखा-जावा हेच. म्हणजे तिकडून जायफळ इकडे आलं, इकडून कॉफी तिकडे गेली, आणि आईच्या कपात दोघं भेटली. सहाणेवर जायफळ फिरवताना मला हे दर वेळी आठवतं.

असो, भाजण्याकडे येते.

घरी भाजायला मशीन लागत नाही. लोखंडी कढई, एका वेळी १५० ग्रॅम, मध्यम आच, आणि उलथनं थांबवायचं नाही, फोन वाजला तरी नाही. सुरुवातीला ओल्या गोणपाटाचा वास येतो, मग गवताचा, मग दाणे पिवळे पडतात आणि भाकरी भाजल्यासारखा खमंग वास सुटतो, रंग दालचिनीवर जातो, आणि नवव्या-दहाव्या मिनिटाला लाह्या फुटतात तसा तडतड आवाज सुरू होतो. याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. तो थांबत आला की दीडेक मिनिटात उतरवलं तर मिडियम रोस्ट. अजून ठेवलं तर दुसरा आवाज येतो, बारीक चुरचुर, तिथून पुढे दाण्यावर तेल सुटायला लागतं आणि सगळ्या कॉफ्या एकसारख्या लागायला लागतात, मला तिथवर जायचं नसतं. उतरवलं की लगेच चाळणीत ओतून पंख्याखाली, कारण दाणे आतल्या आत भाजत राहतात. आणि कढईभर फोलपट उडतं त्याला सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे सूप. आईने गॅलरीत उभं राहून तीन वेळा पाखडलं, सगळं फोलपट बाहेर, एक दाणा सांडला नाही. १५० ग्रॅम कच्चे टाकले की हातात १२७-१२८ ग्रॅम येतात, बाकीची ओल आणि फोलपट.

पहिल्या वेळी मी तिन्ही कच्चे दाणे एकत्र करून भाजले. वाटलं एकदाच सगळं होऊन जाईल. मलबारचा दाणा फुगलेला, पोकळ, तो भराभर काळा पडला, रोबस्टा कडक आणि घट्ट, ती आतून कच्चीच राहिली, चावून बघितली तर दाताखाली चिवट. आणि मलबारचा रंग मुळात सोनेरी असल्यामुळे डोळ्यांनी अंदाजच येत नाही, तिथे कानावर आणि नाकावरच भरवसा ठेवायला लागतो. मोठे रोस्टर भाजण्याआधी मिसळतातही, त्यांचं गणित बसलेलं असतं, पण घरी मात्र प्रत्येक कॉफी वेगळी भाजायची, मलबार मंद आचेवर, रोबस्टा जरा जास्त वेळ, आणि मिसळायचं नंतर.

भाजल्यावर चार दिवस थांबायचं. हे फार कठीण जातं कारण घरभर वास असतो. पण ताज्या दाण्यात गॅस भरलेला असतो, पाणी ओतलं की नुसता फेस येतो आणि चव धड उतरत नाही. मी पहिल्या दिवशी आणि पाचव्या दिवशी तीच रोबस्टा करून प्यायले, पहिल्या दिवशी जळका वास, पाचव्या दिवशी डार्क चॉकलेट. तेव्हापासून थांबते.

आता चव घेणं. यासाठी मी आधी कॉफीवाले लोक करतात ते कपिंग केलं, स्टीलच्या वाट्यांमध्ये. प्रत्येक वाटीत ८ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, १५० मिली पाणी, उकळून अर्धा मिनिट थांबलेलं. चार मिनिटांनी वर जो थर येतो तो चमच्याने मोडायचा आणि त्याच क्षणी नाक खाली न्यायचं, सगळा वास तेव्हाच बाहेर येतो. मग वरचा फेस काढून, जरा निवल्यावर चमच्याने सुर्रकन ओढून प्यायची. मी वहीत मार्क लिहिले. अरेबिका दहापैकी आठ, लिंबासारखी तरतरीत, मागे गूळ. मलबार सहा, जाड, सुस्त, देवघरातल्या जुन्या लाकडी पेटीसारखी. रोबस्टा चार. कडू, करपलेल्या दाण्यांसारखी. या मार्कांवरून मी ७० टक्के अरेबिका, ३० टक्के मलबार, रोबस्टा शून्य असं ठरवून टाकलं, दळलं, फिल्टरला (दक्षिणेकडचं कॉफीचं दोन मजली भांडं) लावलं, दूध घातलं, आणि परत तेच. मऊ, गोड, कॉफी कुठे आहे शोधा. नवरा म्हणाला छान आहे पण झोप येतेय.

शेजारच्या मामी मूळच्या पालघाटच्या, चाळीस वर्षं चेंबूरमध्ये, मराठी माझ्याहून शुद्ध. त्यांना ही वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "अगं, तुझी आई काळी कॉफी पिते का?"

नाही पीत.

"मग काळ्या कॉफीला मार्क कशाला दिलेस?"

मी उत्तर न देता तशीच बसून राहिले. इतकी साधी गोष्ट आणि मी तीन आठवडे चुकीच्या कपात चव घेत होते. मामींनी आपले दोन पितळी फिल्टर दिले, माझा एक स्टीलचा, असे तीन झाले. म्हणाल्या तिन्ही कॉफ्या वेगवेगळ्या लाव, डिकॉक्शनला, म्हणजे फिल्टरमधून खाली उतरणाऱ्या दाट कॉफीला, घाई करू नकोस, आणि मिसळायचं ते डिकॉक्शन मिसळ, दाणे मिसळू नकोस.

ज्यांना घरी ब्लेंड करायचंय त्यांनी ही एक युक्ती तरी नक्की करा. दाणे मिसळून, दळून, करून बघायचं म्हटलं तर प्रत्येक प्रयोगाला वीस-तीस ग्रॅम कॉफी जाते आणि दिवसाला दोन प्रयोगांच्या वर होत नाहीत. त्याऐवजी प्रत्येक फिल्टरमध्ये ३० ग्रॅम पावडर, बारीक पण अगदी मैद्यासारखी नाही, हलकेच दाबून, वर १८० मिली उकळतं पाणी, आणि अर्धा-पाऊण तास विसरून जा. पावडर दुप्पट वजनाचं पाणी धरून ठेवते म्हणून खाली साधारण १२० मिली मिळतं, चहाचे चोवीस छोटे चमचे. मग एका भांड्यात दहा चमचे मोजायचे. पाच अरेबिका, तीन मलबार, दोन रोबस्टा म्हणजे सरळ ५०:३०:२०. एक चमचा इकडचा तिकडे केला की दहा टक्के बदल. त्यात दुप्पट गरम दूध, म्हणजे दोन छोटे पेले भरतात, एक आपल्याला आणि एक ज्यांच्यासाठी करतोय त्यांना. तिन्ही कॉफ्या सारख्याच वजनाने आणि सारख्याच पाण्याने केल्या असल्या की हेच प्रमाण दाण्यांनाही चालतं, अगदी तंतोतंत नाही पण खूप जवळ.

आधी प्रत्येक एकेकटी दुधात घेतली आणि माझी सगळी वही उलटी झाली. आठ मार्कवाली अरेबिका दुधात पातळ आणि किंचित आंबूस, दूध टिकलं नाही की काय असं वाटावं इतपत. मलबार दुधात जाऊन दाट झाली, अगदी साय विरघळल्यासारखी, पण तिला धार नव्हती. आणि ती चार मार्कवाली रोबस्टा, ती दुधातून वर आली. कडूपणा दुधाने गिळला आणि मागे कोको राहिला, भाजलेल्या शेंगदाण्यांचा खमंगपणा राहिला. रोबस्टाला नाक मुरडणारे बहुतेक तिला एकटीला काळी पिऊन बघतात, आपल्या घरातल्या दुधाच्या कॉफीत तिचं काम वेगळं आहे. ती भिंत आहे, बाकीच्या चवी तिला टेकून उभ्या राहतात.

नंतर जायफळासकट. इथे आईला बोलावलं, कारण जायफळ किती हे तिच्याशिवाय कोणी ठरवू शकत नाही. आईची पद्धत अशी की जायफळ डिकॉक्शनमध्ये कधीच नाही, दूध तापत असताना त्यात. किसणीवर नको म्हणते, किसलेलं तरंगतं आणि घोटात टोचतं, सहाणेवर दोन थेंब दूध घेऊन उगाळायचं, चंदन उगाळतो तसं, आणि ती पेस्ट दुधात सोडायची. दोन कपांना पाच-सहा वेढे, त्याहून जास्त नाही, जायफळ जास्त झालं तर कडूही लागतं आणि ते अंगालाही चांगलं नाही. साखर दुधातच, एक उकळी येईपर्यंत.

५०:०:५० केलं तेव्हा जायफळ आणि कॉफी दोघं भांडत होती, एक घोट याचा एक घोट त्याचा. ७०:३०:० मध्ये जायफळ एकटंच, ते आधीच कळलं होतं. ५०:३०:२० ला मात्र काहीतरी झालं. मलबारमध्ये जो लाकडी वास आहे ना, तो आणि जायफळ एकमेकात असे मिसळले की कॉफी कुठे संपते आणि जायफळ कुठे सुरू होतं ते कळेना. रोबस्टाने खाली आधार दिला आणि अरेबिकाचा गूळ अगदी शेवटी, घोट गिळल्यावर. आईने पेला नाकाजवळ धरला, बराच वेळ धरला. म्हणाली, "हं. पातेल्याचा वास आला." तिच्याकडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मिळत नसतं, मला रडू येईल असं वाटलं.

हे झालं चमच्यांमध्ये. डब्यात उतरवताना दोन चुका झाल्या त्या सांगते, तुमच्या वाचतील.

एक म्हणजे मी वाटीने मोजलं. पाच वाट्या, तीन वाट्या, दोन वाट्या. चव तीच नाही. मग वजनकाट्यावर ठेवलं तर एका वाटीत अरेबिका ५२ ग्रॅम, मलबार फुगलेली असल्यामुळे ४५ आणि रोबस्टा ५८. म्हणजे मी केलेलं ब्लेंड प्रत्यक्षात ५१:२६:२३ झालं होतं. तीन-चार टक्के ऐकायला कमी वाटतात पण कपात कळतं, कडवटपणा जरा वर येतो. काटाच वापरायचा.

दुसरी जरा विचित्र होती. बरोबर वजनाने केलेला डबा पहिले पाच-सहा दिवस छान, आणि दहाव्या दिवशी कॉफी कडक. मला वाटलं शिळी झाली. पण डबा ताटात ओतला तेव्हा तळाशी सगळे बारीक गोल दाणे, सरळ रेघेचे. रोबस्टा! रोज डबा काढताना-ठेवताना हलतो, मोठे दाणे वर राहतात आणि बारीक खाली सरकतात, पोह्यांच्या चिवड्यात दाणे आणि खोबरं तळाशी जातं तसंच. आता मी तिन्ही डबे वेगळे ठेवते आणि दळायच्या वेळीच मोजते, १० ग्रॅम, ६ ग्रॅम, ४ ग्रॅम, झाले २० ग्रॅम, दोघांची सकाळ. मोजायला अर्धा मिनिट लागतो. डबे काचेचे नकोत, उजेड लागतो, घट्ट झाकणाचे स्टीलचे, आणि फ्रीजमध्ये तर अजिबातच नको, मुंबईच्या हवेत फ्रीजमधून काढलेल्या डब्याला लगेच आतून पाणी सुटतं. एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच भाजते.

चिकोरीबद्दल सगळे विचारतात म्हणून थोडं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं, त्यात कॅफीन नाही, रंग आणि दाटपणा भरपूर. आपल्याकडे गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकते. मामी ८०:२० शिवाय, म्हणजे २० टक्के चिकोरीशिवाय, कॉफीला कॉफी म्हणत नाहीत आणि त्यांच्या हातची ती कॉफी मी रोज पिऊ शकते इतकी चांगली असते, त्यामुळे चिकोरी म्हणजे भेसळ असं मी कधीच म्हणणार नाही. नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी आणि पाकिटावर प्रमाण लिहिलेलं हवं, एवढं पाळलं की झालं. राग येतो तो न सांगता घालतात तेव्हा. एका दुकानातून प्युअर म्हणून घेतलेली पावडर मी काचेच्या ग्लासात गार पाण्यावर भुरभुरली, कॉफी असेल तर बराच वेळ वर तरंगते, चिकोरी मात्र तपकिरी रेघ सोडत लगेच खाली जाते. निम्मी खाली गेली. परत त्या दुकानात गेले नाही. आमच्या ब्लेंडमध्ये १० टक्के चिकोरी घालून बघितली, रंग सुंदर आला, पण तिचा जळक्या साखरेचा वास जायफळावर बसला. म्हणून आईच्या डब्यात नाही. नवऱ्याच्या कपात मामींकडची चिमूटभर जाते, त्याला आवडते.

एक गोष्ट सुरुवातीला कोणी सांगितली नव्हती. हे प्रमाण कायमचं नाही. चिकमगळूरचे दोन किलो संपले आणि नवीन हंगामाचे आले, त्याच बागेतले, तीच ए ग्रेड, पण यात लिंबू जास्त आहे. पाऊस वेगळा पडला असेल, मार्च-एप्रिलमध्ये फुलोऱ्याचा पाऊस जरा मागेपुढे झाला तरी सगळं वर्ष बदलतं असं ते बागवाले म्हणत होते. ५०:३०:२० तसंच ठेवलं तर आईला पहिल्याच घोटाला कळलं, म्हणाली, "आज काय वेगळं केलंस, जीभ चुणचुणतेय." म्हणून अरेबिका अर्धा मिनिट जास्त भाजली, त्याने निम्मं काम झालं. आता मलबार एक चमचा वाढवून ४०:४०:२० बघायचं आहे रविवारी. आईचं म्हणणं जायफळाचा एक वेढा कमी करून बघ आधी. दोन्ही करू. मामींचे फिल्टर अजून माझ्याकडेच आहेत, त्या म्हणाल्या राहू देत.